बॅकअप आहे हो, पण परत येतो का?

जुलैमधल्या एका शनिवारी सकाळी मला वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यातून फोन आला. रात्रभरात तीन-चार वेळा लाईट गेली-आली होती आणि सकाळी सर्व्हर चालूच होईना. यूपीएस होता, पण त्याच्या बॅटऱ्या कित्येक वर्षांत बदललेल्या नव्हत्या. डिस्क बाहेर काढून दुसऱ्या मशीनला लावली, तर आतून नुसता टक-टक आवाज. मालक शांत होते. म्हणाले, "बॅकअप आहे ना, रोज रात्री होतो." खरंच होत होता. रोज सकाळी त्यांच्या मेलवर 'बॅकअप यशस्वी' असा निरोप येत होता, एक दिवसही चुकलेला नव्हता. बाहेरची डिस्क उघडल्यावर कळलं की चौदा महिन्यांपूर्वी कुणीतरी टॅलीचा (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा डी ड्राइव्हवरून ई ड्राइव्हवर हलवला होता, आणि बॅकअप अजून डी ड्राइव्हवरचा तो जुना फोल्डरच रोज नेमाने उचलत होता.

जीएसटीचं ३बी रिटर्न २० तारखेला भरायचं होतं. अकाउंट्सच्या मॅडमनी कपाटातून बिलांचे गठ्ठे काढले. महिन्यागणिक, सुतळीने बांधलेले, वर पेन्सिलीने महिन्याचं नाव. त्या दर महिन्याला विक्रीचं रजिस्टर सीएंना पीडीएफ करून मेल करत असत, तेही कामी आलं. त्यावरून आणि त्या गठ्ठ्यांवरून चौदा महिन्यांच्या नोंदी पुन्हा घालायला दोन माणसांचे पाच आठवडे गेले.

तेव्हापासून कुठल्याही ऑफिसात गेलो की "बॅकअप घेता का?" असं मी विचारत नाही. "शेवटचा रिस्टोअर कधी केला?" असं विचारतो, म्हणजे बॅकअपमधला डेटा शेवटचा कधी परत काढून पाहिला. ठाण्यात, महापेला, तुर्भ्याला, रबाळ्याला अशी पाच ते पन्नास माणसांची शेकडो ऑफिसं आहेत आणि त्यांची सिस्टीम एकच माणूस सांभाळतो. त्या माणसासाठी ही सगळी पद्धत मी सुरुवातीपासून लिहितो आहे.

आधी यादी, मग सॉफ्टवेअर

बहुतेकजण सुरुवात सॉफ्टवेअर निवडण्यापासून करतात. तसं करू नका. एक वही घ्या आणि ऑफिसात टेबलागणिक फिरा. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: "उद्या सकाळी तुमचा कॉम्प्युटर नसेलच, तर कुठलं काम अडेल?" सर्व्हरवर काय आहे ते तुम्हाला माहीत असतं. सर्व्हरवर काय नाही, ते या फेरीत कळतं. डिझाइनवाला ड्रॉइंग डेस्कटॉपवर ठेवतो, कारण नेटवर्कवरून उघडायला वेळ लागतो. पगाराची एक्सेल फाइल एकाच लॅपटॉपवर असते आणि तो लॅपटॉप रोज लोकलने कळव्याला जातो. हजेरीच्या मशीनचा डेटा गेटजवळच्या जुन्या पीसीवर असतो आणि त्या पीसीचा पासवर्ड वॉचमनलाच ठाऊक असतो. आउटलुकच्या जुन्या मेलच्या फाइली तर हमखास सी ड्राइव्हवरच सापडतात.

या यादीत डेटाखेरीज आणखी काही गोष्टी यायलाच हव्यात: राउटर आणि फायरवॉलच्या सेटिंगची फाइल, सॉफ्टवेअरचे लायसन्स क्रमांक, डोमेन (वेबसाइटचं नाव) कुणाच्या नावावर आहे आणि कधी संपतं, छपाईसाठी बनवलेले चेकचे आणि चलनाचे नमुने. डिजिटल सिग्नेचरच्या टोकनची मात्र कॉपी निघत नाही. टोकन हरवलं तर नवीनच काढावं लागतं, म्हणून ते कुणाकडे असतं एवढं तरी लिहून ठेवा.

यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे दोन आकडे लिहा. पहिला, किती वेळाचं काम पुन्हा करायची तयारी आहे. दुसरा, किती वेळ बंद राहिलं तर चालेल. हे आकडे तुम्ही ठरवू नका, मालकांकडून घ्या आणि त्यांच्यासमोर लिहा. "काहीच जाता कामा नये" हे पहिलं उत्तर ठरलेलं असतं. मग विचारा, "दुपारी चारला सर्व्हर गेला आणि सकाळपासूनची बिलं पुन्हा करावी लागली, तर जमेल का?" बहुतेकदा "हो, तेवढं जमेल" असं उत्तर येतं. म्हणजे टॅलीला एका दिवसाचा बॅकअप पुरतो. ऑनलाइन ऑर्डर घेणाऱ्याला तो पुरणार नाही, त्याला तासाचा लागेल. पुढचा सगळा खर्च या दोन आकड्यांवरून ठरतो.

तीन, दोन, एक

३-२-१ हा नियम पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकारामुळे रूढ झाला. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. फोटोग्राफरला हा नियम सुचावा हे मला स्वाभाविक वाटतं. काढलेला फोटो पुन्हा काढता येत नाही.

या मोजणीत दोन गोष्टी धरायच्या नाहीत, कारण इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. रेड, म्हणजे एकाच मशीनमधल्या अनेक डिस्कवर डेटा एकाच वेळी लिहिण्याची सोय, हा बॅकअप नव्हे. एक डिस्क मेली तरी रेडमुळे काम चालू राहतं, पण चुकून डिलीट केलेली फाइल सगळ्या डिस्कवरून त्याच क्षणी जाते. सिंक म्हणजेही बॅकअप नव्हे. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हमध्ये इकडची चूक काही सेकंदांत तिकडे पोहोचते. शेअरपॉइंट आणि वनड्राइव्हच्या व्यावसायिक खात्यांत डिलीट केलेली फाइल साधारण ९३ दिवस परत मिळते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते आणि त्यानंतर ॲडमिनला आणखी २५ दिवस मिळतात. ऑडिटच्या वेळी लागणारी फाइल गेल्याचं वर्षाने लक्षात येतं, तोवर ही मुदत कधीच उलटलेली असते. रोबोकॉपीने (विंडोजमधली फाइली कॉपी करण्याची कमांड) रोज 'मिरर' मारणाऱ्यांनाही हेच लागू आहे. तो पर्याय मूळ जागेवरून गेलेली फाइल कॉपीतूनही काढून टाकतो.

छोट्या ऑफिसासाठी मी सहसा असं बसवतो. पहिली प्रत सर्व्हरवरची, रोजच्या वापरातली. दुसरी ऑफिसातल्याच नॅसवर (नेटवर्कला जोडलेली, फाइली साठवणारी डिस्कची पेटी), रोज रात्री. तिसरी बाहेर, क्लाउडवर. आणि या तिन्हींखेरीज दोन साध्या बाह्य हार्ड डिस्क, त्यांच्यावर मार्करने ठळक 'अ' आणि 'ब' लिहिलेलं. एक ऑफिसात, दुसरी मालकांच्या घरी, दर सोमवारी अदलाबदल. डिस्क विंडोजमधल्या बिटलॉकरने लॉक करा, नाहीतर रिक्षात राहिलेली डिस्क म्हणजे सगळ्या कंपनीचा हिशोब रस्त्यावर. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर छापून लॉकरमध्ये ठेवा. ती त्याच सर्व्हरवर ठेवली तर काहीच उपयोग नाही. कपाटात पडून राहणाऱ्या प्रतीसाठी एसएसडी नको. बरेच महिने वीज मिळाली नाही तर तिच्यातला डेटा पुसट होऊ शकतो. साधी फिरती हार्ड डिस्क घ्या. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ती घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.

दुसरी जागा म्हणजे किती दूर?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी ठाणे, कळवा, बदलापूर सगळीकडे तळमजले पाण्याखाली होते. ज्यांचा सर्व्हर तळमजल्यावर आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात होती, त्यांच्या दोन्ही गोष्टी एकाच पाण्यात गेल्या. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी विजेची ग्रिड बसली तेव्हा मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदमच अंधारात गेली. म्हणून ठाण्यातल्या ऑफिसाची 'दुसरी जागा' खाडीपलीकडचं ऐरोली असेल, तर आग आणि चोरी यांपुरती ती ठीक आहे. पूर आणि ग्रिडच्या दृष्टीने ती दुसरी जागाच नाही.

क्लाउडलाही हेच लागू होतं, आणि इथे भले भले चुकतात. सवयीने 'मुंबई' हा रीजन (डेटा सेंटरचा विभाग) निवडला जातो, कारण तो जवळ आणि वेगवान. पण मुंबई परिसरातली बरीचशी मोठी डेटा सेंटर नवी मुंबईतच आहेत. रोज चालणारी सिस्टीम मुंबई रीजनमध्ये ठेवायला माझी हरकत नाही, बॅकअप मात्र वेगळ्या शहरात हवा. ॲमेझॉनचा हैदराबादला रीजन आहे, मायक्रोसॉफ्टचे पुण्याला आणि चेन्नईला आहेत, गूगलचा दिल्लीला आहे. सगळे भारतातच आहेत, आणि ते महत्त्वाचं का, ते पुढे सांगतो.

पहिली प्रत चढवण्याआधी हिशोब करा. एक टीबी डेटा १०० एमबीपीएसच्या लाइनवरून पूर्ण वेगाने गेला तरी २२ तास लागतात. पण बऱ्याच ऑफिसांच्या लाइनला अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा कमी असतो. तो २० एमबीपीएस असेल तर तोच एक टीबी जायला साडेचार दिवसांहून जास्त लागतील. शुक्रवारी संध्याकाळी सुरू करा, दिवसा वेगावर मर्यादा घाला. आणि उलटा हिशोबही तेव्हाच करून ठेवा: सगळं जळालं तर तोच एक टीबी खाली उतरवायला किती तास? मालकांनी दिलेल्या दुसऱ्या आकड्यात हे बसत नसेल, तर मालकांच्या घरची डिस्क हीच तुमची खरी आशा आहे.

तार काढलेली एक प्रत

२७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधून जगभर पसरला. मर्स्क या शिपिंग कंपनीची कॉम्प्युटर यंत्रणा काही तासांत कोसळली आणि त्याची झळ थेट आपल्या दारात, न्हावा-शेव्याला पोहोचली. जेएनपीटी या तिथल्या बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. कंपनीचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे नेटवर्कवर कुणाला प्रवेश द्यायचा ते ठरवणारे सर्व्हर, एकमेकांची प्रत ठेवणारे होते, म्हणून सगळे एकमेकांबरोबरच पुसले गेले. वाचला तो घानामधला एक डोमेन कंट्रोलर, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे लाईट गेलेली होती आणि तो नेटवर्कवर नव्हता. त्याची डिस्क विमानाने नेऊन त्यावरून सगळं पुन्हा उभं केलं. पुढे कंपनीच्या अध्यक्षांनी सांगितलं त्याप्रमाणे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी दहा दिवसांत नव्याने बसवावे लागले.

घानामध्ये हे योगायोगाने घडलं. आपण ते ठरवून करायचं. 'अ' आणि 'ब' डिस्कचा मुख्य उपयोग हाच: कॉपी झाली की तार काढायची. कायम लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरला, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला, सर्व्हरच्याच आणखी एका ड्राइव्हसारखी दिसते. विंडोजच्या शॅडो कॉपीवर (विंडोज स्वतःच ठेवतं त्या जुन्या प्रतींवर) विसंबू नका. आत शिरल्यावर रॅन्समवेअर बहुधा आधी त्याच पुसतं.

नॅसच्या बाबतीत तीन गोष्टी सांभाळा. नॅसचा ॲडमिन पासवर्ड ऑफिसच्या बाकी नेटवर्कचा (डोमेनचा) नको, पूर्ण वेगळा हवा. सर्व्हरने नॅसवर लिहिण्याऐवजी नॅसनेच सर्व्हरकडून फाइली ओढून घ्याव्यात, म्हणजे सर्व्हर हल्लेखोराच्या हाती गेला तरी त्याच्याकडे नॅसची चावी नसेल. आणि नॅसवर स्नॅपशॉट, म्हणजे ठराविक वेळेची फाइलींची गोठवलेली प्रत, चालू ठेवा. क्लाउडवर ठराविक दिवस फाइल पुसताच न येण्याची सोय मिळते, ती सुरू करा आणि मुदत निदान ३० दिवसांची ठेवा.

किती दिवसांचं साठवायचं

रोजच्या प्रती दोन आठवड्यांच्या, आठवड्याच्या प्रती दोन-तीन महिन्यांच्या, महिन्याच्या एका वर्षाच्या. आणि ३१ मार्चची एक प्रत, वेगळी, आठ वर्षं. कंपनी कायद्यानुसार हिशोबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात. २०२२ च्या दुरुस्तीपासून इलेक्ट्रॉनिक हिशोबांचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर आणि रोजच्या रोज ठेवणं बंधनकारक आहे. प्रायव्हेट लिमिटेड असलेल्या छोट्या कंपन्यांना हे बहुतेकदा माहीतच नसतं. सीएंना एकदा विचारून घ्या. वर हैदराबाद-पुण्याचा आग्रह धरला, त्यामागे हेही एक कारण आहे.

टॅलीचा फोल्डर कॉपी होताना टॅली कुठेही उघडी असता कामा नये, नाहीतर अर्धवट लिहिलेल्या फाइली उचलल्या जातात. रात्री साडेदहाची वेळ लावा आणि महिनाअखेरीला कुणी उशिरापर्यंत बसत असेल तर ती पुढे ढकला. एसक्यूएल डेटाबेसच्या फाइली तशाच उचलू नका, त्याचा स्वतःचा बॅकअप घेऊन ती फाइल पुढे पाठवा.

रिस्टोअरचा सराव

वरचं सगळं नीट केलं आणि हे केलं नाही, तर तुम्ही त्या वागळे इस्टेटच्या कारखान्याच्याच जागी आहात.

मोठ्यांचीही हीच गत होते. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड साठवणाऱ्या कंपनीतल्या एका इंजिनिअरच्या हातून मुख्य डेटाबेसचा फोल्डर पुसला गेला. ३०० जीबीमधले साडेचार जीबी उरले. त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, पण वेळ आली तेव्हा एकीवरही भरवसा ठेवता आला नाही. रोजचा बॅकअप चुकीच्या आवृत्तीच्या प्रोग्रॅममुळे रोज फसत होता आणि तो फसल्याचे मेल सर्व्हर नाकारत होता, म्हणून कुणाला पत्ताच नव्हता. एका इंजिनिअरने सहा तास आधी सहज म्हणून हाताने घेतलेल्या एका प्रतीमुळे ते वाचले. हे सगळं त्यांनी स्वतःहून जाहीर केलं, त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

सराव असा करा. एखादा जुना पण बऱ्या स्थितीतला डेस्कटॉप, त्यात पुरेशी मोठी डिस्क, हे मशीन यासाठीच राखून ठेवा. सर्व्हर गेला तर नवा यायला दिवस लागतात, तेव्हाही तात्पुरतं काम यावरच चालेल. नेटवर्कची तार काढलेली असू द्या, नाहीतर रिस्टोअर झालेली सिस्टीम ग्राहकांना जुने मेल पाठवत सुटेल. बाहेर, मालकांच्या घरी असलेली डिस्क मागवा. ऑफिसातली नको, कारण ऑफिसच गेलं असं धरून हा सराव आहे. ज्याने बॅकअप लावला त्याने हात लावायचा नाही, दुसऱ्या कुणीतरी कागद वाचून करायचं. घड्याळात वेळ बघून सुरू करा.

फोल्डर दिसला म्हणजे रिस्टोअर झाला असं समजू नका. टॅली उघडा, शेवटचं व्हाउचर कुठल्या तारखेचं आहे ते बघा. आदल्या महिन्याचा छापलेला ट्रायल बॅलन्स शेजारी ठेवा आणि बेरीज जुळवा. ड्रॉइंगमधली कुठलीही दहा उघडा, त्यात सगळ्यात मोठी फाइल असायलाच हवी. एसक्यूएल असेल तर डेटाबेस खरोखर परत उभा करून त्याची आतली तपासणी चालवा. 'बॅकअप फाइल वाचता येते' एवढंच सांगणारी चाचणी पुरेशी नाही. मग वहीत चार गोष्टी लिहा: तारीख, कुठली प्रत वापरली, किती वेळ लागला, कुठे अडलं. दर महिन्याला एक फाइल, दर तीन महिन्यांनी सगळं.

एक पान कागद

हा कागद छापील हवा, कारण लागेल तेव्हा कॉम्प्युटर चालू नसेल. त्यावर असावं: प्रती कुठे आहेत, कुठल्या क्रमाने काय उभं करायचं, बिटलॉकरची की कुठल्या लॉकरमध्ये, इंटरनेटवाल्याचा आणि महावितरणचा ग्राहक क्रमांक. हल्ला झाल्यास पहिली ओळ एवढीच: नेटवर्कची तार काढा, मशीन पुसू नका. २०२२ पासून सर्ट-इनच्या (सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) आदेशानुसार असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो आणि सिस्टीमचे लॉग १८० दिवस भारतात साठवावे लागतात. तेव्हा कळवण्याचा पत्ताही याच कागदावर हवा. एक प्रत मालकांच्या घरी, एक अकाउंट्सच्या खणात.

महाप्याच्या एका ऑफिसात गेल्या तिमाहीचा सराव अकाउंट्समधल्या एका मुलीने केला. तिने याआधी कधी सर्व्हरला हात लावला नव्हता. मी खुर्ची ओढून बाजूला बसलो आणि फक्त वेळ लिहीत होतो. कागदावर 'डिस्क लावा' असं होतं, पण बिटलॉकरची की विचारल्यावर ती कुठे टाकायची ते लिहिलेलं नव्हतं. तिथे तिची अकरा मिनिटं गेली. २ तास ४० मिनिटांनी टॅली उघडली, बेरीज जुळली. मग तिने एक चेक छापायला घेतला आणि चेकचा नमुना कुठेच सापडेना. तो तिच्याच डेस्कटॉपवर होता, यादीत आलाच नव्हता. तिने वही ओढली, स्वतःच्या हाताने ती ओळ शेवटी लिहिली आणि त्या रात्रीच्या बॅकअपमध्ये तो फोल्डर घातला.